हेडली ट्रेवार्थाची एकट्याने उडवण्याची परीक्षा

माणसाने आकाश जिंकलं, असं म्हणतात. त्यातला टॅलिंगा ग्लायडर क्लबच्या वाट्याला आलेला तुकडा रविवारी सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत आमचा असतो. त्यासाठी शेतमालकाने आदल्या दिवशी फोन करून नाही म्हटलेलं नसावं लागतं आणि त्याच्या मेंढ्या कुंपणाच्या पलीकडे असाव्या लागतात. मेंढ्या अलीकडे असल्या तर आकाश मेंढ्यांचं.

क्लबचे सभासद बहुतेक निवृत्त आहेत. निवृत्त झाल्यावर माणसाला थोड्याच दिवसांत पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली राहावंसं वाटतं, म्हणून क्लबला एक समितीही आहे. अध्यक्ष रॉस क्लाइनिग. त्याचं गावात बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं आणि तो अजूनही प्रत्येकाशी गिऱ्हाइकासारखा बोलतो, म्हणजे गोड बोलतो आणि ऐकत नाही. सुरक्षेची जबाबदारी जॅनिन पास्कोकडे. ती पूर्वी गाडी चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षा घ्यायची, आणि अर्धा जिल्हा अजून तिला रस्त्यात पाहिलं की आरसा नीट करतो. तिसरा कॉन. त्याच्याकडे घड्याळ असतं आणि सॉसेजचा तवा असतो. माझ्याकडे दोर गोळा करण्याचं काम आहे. त्याहून वरचं पद मला मिळालेलं नाही.

हेडली ट्रेवार्था समितीत नव्हता. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा, आणि आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ग्लायडर बांधतो. आमचं ग्लायडर म्हणजे जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं, इंजिन नसलेलं छोटं विमान. क्लबमधले बाकीचे लोक ग्लायडर बांधत नाहीत, मागवतात. ती युरोपातून लांबट खोक्यात येतात, काळ्या चकचकीत कार्बनची, आणि खोकं उघडून पंख बसवले की काम संपतं. हेडलीला हे अलीकडचं ग्लायडर बांधायला तीन हिवाळे लागले. एका जुन्या दरवाजावर त्याने विमानाचा नकाशा पसरला, त्यावर मेणकागद, आणि त्यावर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या टाचण्यांनी उभ्या करत तो एकेक पंख जोडत गेला. फासळी घासायची, उजेडात धरायची, पुन्हा घासायची. डावा पंख आणि उजवा पंख सारख्या वजनाचे व्हायला हवेत, म्हणून दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर जायचे. त्याची बायको ग्लेनिस म्हणायची की आमच्या घरी केकला गोंदाचा वास येतो आणि विमानाला पिठाचा.

शेवटी फिकट पिवळं पारदर्शक आवरण इस्त्रीने ताणून बसवलं आणि नाकात शिशाचा तुकडा घालून तोल साधला. पंख टोकांकडे वर उचललेले होते, रुंद व्ही काढावा तसे. हा जुना घाट. असं विमान हात सोडला तरी आपलं आपण सावरतं. कार्बनवाले या घाटाला हसायचे. हेडली म्हणायचा, "तुमचं विमान तुम्हाला सांभाळावं लागतं. माझं मला सांभाळतं."

मार्चमध्ये याच विमानाने हेडलीला सांभाळलं नाही. उतरण्याचं चुन्याचं वर्तुळ एकीकडे होतं आणि कॉनचा तवा त्याच्या बराच अलीकडे. विमान तव्यावर उतरलं. पंखाच्या दोन फासळ्या मोडल्या, कांदे गेले, आणि समितीची बैठक झाली.

"हेडली, तुला तवा दिसला नाही?" जॅनिनने विचारलं.

"दिसला. म्हणून तर चुकवायला गेलो."

"चुकवायला गेलास आणि मधोमध बसवलंस."

"वारा फिरला."

"तव्यावर?" कॉन म्हणाला. "धूर सरळ वर जात होता रे. मी तिथेच उभा होतो, हातात चिमटा घेऊन."

"हे बघ हेडली," रॉस म्हणाला, "तुझ्यावर इथे कोणाचाही राग नाही."

"माझा आहे," कॉन म्हणाला. "सॉसेजमधून बाल्साच्या काड्या वेचत बसलो मी. नातवंडांना वाटलं माशाचे काटे आहेत."

खरा प्रश्न हेडलीच्या डोळ्यांचा होता आणि तो कोणी उच्चारत नव्हतं. शेवटी जॅनिनने उच्चारला, कारण तिचं आयुष्य त्यातच गेलं होतं. ती म्हणाली, एक तर परीक्षा दे, नाहीतर यापुढे तार लावून उडव.

तार म्हणजे दोन रिमोट जोडणारी. एक शिकाऊच्या हातात, दुसरा जाणत्याच्या. जाणत्याने खटका दाबला की शिकाऊच्या हातातला रिमोट नुसतं खेळणं होतो. ही तार वीस-बावीस वर्षांपूर्वी हेडलीनेच क्लबला आणून दिली होती, आणि रॉस तिच्याच आधाराने शिकला होता.

"तार लावून मी उडवणार नाही," हेडली म्हणाला. "त्यापेक्षा घरी बसून ग्लेनिसबरोबर शब्दकोडी सोडवीन."

"बिचारी ग्लेनिस," कॉन म्हणाला.

तारेला हेडलीचा विरोध होता तो नुसत्या मानापमानाचा नव्हता. तो बुधवारी उडवायचा. बुधवारी मैदानावर कोणी नसतं. समिती नाही, तवा नाही, मीही नाही. तो ग्लायडर गाडीत घालून जायचा, दोराला लावून वर सोडायचा आणि दुपारपर्यंत मान वर करून उभा राहायचा. डॉक्टरांनी गेल्या वर्षी त्याच्या गाडीच्या परवान्याला हद्द घालून दिली होती: गाव आणि गावाभोवतीचा थोडा भाग. मैदान त्या हद्दीच्या आत कसंबसं बसत होतं. तार लागली असती तर प्रत्येक वेळी दुसरा माणूस हवा, आणि दुसरा माणूस फक्त रविवारी मिळतो. म्हणजे बुधवार गेला असता. हे त्याने बैठकीत सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मी समितीत नव्हतो.

"परीक्षा देतो," तो बैठकीत म्हणाला.

एप्रिलमधला एक रविवार ठरला. अटी सोप्या होत्या. दोराने वर जायचं, आठ मिनिटं हवेत राहायचं, कोणाच्या डोक्यावरून न्यायचं नाही, वर्तुळात उतरायचं. जॅनिनने अटी मोठ्याने वाचून दाखवल्या आणि हेडलीला प्रत्येक अटीनंतर "समजलं" म्हणायला लावलं. तो म्हणाला. गव्हाची कापणी होऊन खुंट उरले होते, ऊन स्वच्छ होतं आणि माश्या नेहमीइतक्याच होत्या. रॉसने टोपीवरून जाळी ओढून घेतली होती. ग्लेनिस गाडीत काचा वर करून बसली होती. तिने सांगितलं होतं की ती बघणार नाही.

आमचा रबरी दोर जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधलेला असतो. हेडलीने दुरुस्त केलेलं विमान दोराच्या कडीत अडकवलं, ताणत मागे आला आणि सोडलं. ते पतंगासारखं चढलं, टोकाला जाऊन दोर टाकला आणि मोकळं झालं. मी दोर आणायला निघालो. कॉनने घड्याळ सुरू केलं.

हवा मात्र रिकामी होती. विमान सरळ जाऊन हळूहळू खाली यायला लागलं. आठ मिनिटं राहू द्या, ते तीनही राहील असं दिसत नव्हतं. तेवढ्यात हेडलीला टेकडीच्या अंगाला गरुड दिसला. हे नमूद करायला हवं, कारण परीक्षा डोळ्यांची होती आणि गरुड पहिल्यांदा त्यालाच दिसला.

गरम हवेचा चढता झोत दिसत नाही, गरुड दिसतो. म्हणून ग्लायडरवाल्यांची रीत अशी की गरुड घिरट्या घालताना दिसला की आपलं विमान नेऊन त्याच्या खाली घालायचं. गरुडाची परवानगी कोणी घेत नाही. एखादा चिडतो आणि नख्यांनी आवरण फाडून टाकतो, बाकीचे सहन करतात. आमच्याकडचे पाचरीसारख्या शेपटीचे गरुड अंगाने मोठे, पंख पसरले तर माणूस आडवा झोपेल एवढे. आणि झोतात फिरताना ते पंख वर उचलून धरतात, रुंद व्ही काढावा तसे.

हेडलीने विमान त्याच्या खाली नेलं. दोघं एकाच बाजूने फिरायला लागले आणि दोघंही चढायला लागले.

"लागलं," हेडली म्हणाला.

"लागलं," रॉस म्हणाला.

"दोन मिनिटं," कॉन म्हणाला. तसं म्हणताना त्याला घड्याळाकडे बघावं लागलं. जॅनिनने ते लिहून घेतलं, त्यासाठी तिला कागदाकडे बघावं लागलं. रॉसच्या जाळीत एक माशी शिरली होती आणि तिला बाहेर काढण्यात त्याचे दोन्ही हात गुंतले. हेडलीच्या भुवईवरून घाम चष्म्यात उतरला. त्याने एका हाताने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा चढवला. मी दोर गुंडाळत होतो.

आम्ही वर पाहिलं तेव्हा निळ्या आकाशात एकच काळा व्ही फिरत होता, आणि तेवढ्या उंचीवर पिवळंसुद्धा काळंच दिसतं. दुसरा सूर्याच्या बाजूला गेला होता, आणि तिकडे बघता येत नव्हतं.

गरुड गेला, असं सगळे धरून चालले. हेडली जिकडे बघत होता तिकडे जॅनिन बघत होती, कारण रिमोट त्याच्या हातात होता. जॅनिन जिकडे बघत होती तिकडे हेडली बघत होता, कारण डोळे तिचे चांगले होते. रॉस दोघांच्या मधे बघत होता. कॉन आणि मी रॉसवर विसंबून होतो.

त्यानंतर हेडलीने जे उड्डाण केलं तसं क्लबमध्ये कोणी केलेलं नव्हतं.

"डावीकडे जरा घट्ट घे," रॉस म्हणाला.

"घेतो."

वरचं ते डावीकडे घट्ट फिरलं. ते आधीपासून डावीकडेच फिरत होतं, पण आता ते सांगितल्यावर फिरल्यासारखं दिसत होतं.

"काय ऐकतंय!" रॉस म्हणाला.

थोड्या वेळाने हेडलीने रिमोटची कांडी उजवीकडे लोटली. वर काही झालं नाही. त्याने आणखी लोटली. मग बऱ्याच वेळाने ते उजवीकडे वळलं.

"लाकूड उशिरा ऐकतं," कॉन म्हणाला. त्याचं विमान कार्बनचं आहे.

"उशिरा, पण मनापासून," हेडली म्हणाला.

दोन मॅगपाय पक्षी कुठूनतरी आले आणि वर हल्ला करायला लागले. त्यात विशेष काही नव्हतं. आमच्याकडचे मॅगपाय पोस्टमन, सायकलवाले, विमानं, कोणालाही सोडत नाहीत. त्यातला एक शेपटीजवळ आला आणि वरचं ते अचानक पाठीवर उलटं झालं, क्षणभर तसंच राहिलं आणि पुन्हा सुलटं झालं. मॅगपाय पळाला.

"अरे, उलटं कशाला केलंस?" रॉस ओरडला.

"मी नाही..." हेडली म्हणाला. मग त्याने चष्मा वर सरकवला. "म्हणजे केलं. करावं लागलं."

"छान," जॅनिन म्हणाली.

तिच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. परवान्याच्या परीक्षेत पास झालेल्यालासुद्धा ती फक्त "उतर" म्हणायची. हेडलीचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. गाडीची काच खाली आली आणि ग्लेनिसने बाहेर डोकं काढलं.

"आठ," कॉन म्हणाला. "झाली. उतरव."

हेडलीने कांडी ओढली. वरचं ते खरंच खाली यायला लागलं, मोठमोठे वळसे घेत, शांतपणे. फक्त ते वर्तुळाकडे येत नव्हतं. कुंपणापलीकडे डांबरी रस्ता आहे, आणि रस्त्याकडेला शुक्रवारपासून एक कांगारू मरून पडलेलं होतं. ते तिकडे चाललं होतं.

"वर्तुळ इकडे आहे," जॅनिन म्हणाली.

"माहीत आहे."

"मग तिकडे कुठे?"

"वळतंय. वळेल."

"हेडली," जॅनिन म्हणाली, "तुझ्या विमानाला चाकं आहेत?"

"नाहीत."

"मग खाली काय लोंबतंय?"

रॉसने जाळी वर करून पाहिलं.

"आकडा असेल," रॉस म्हणाला. "दोर अडकवायचा."

"दोन?"

त्यावर रॉस काही सुचवणार होता, तेवढ्यात त्या आकड्यांच्या मालकाने तीनदा पंख फडफडवले, तो कांगारूवर उतरला आणि त्याने पंख मिटले. मिटणारे पंख हेडलीच्या नकाशात नव्हते. कॉनने सवयीने घड्याळ बंद केलं.

हेडली तसाच उभा होता. त्याने कांडी डावीकडे नेली. गरुडाने कांगारूचा एक घास तोडला. त्याने उजवीकडे नेली. गरुडाने दुसरा तोडला. मग हेडलीने रिमोट खाली खुंटांवर ठेवला, अगदी हळू, त्याला वर अजून काहीतरी बांधलेलं असल्यासारखा.

आम्ही सगळ्यांनी माना वळवून वळवून आकाश पाहिलं. आता बघायला हरकत नव्हती. तिथे काहीच नव्हतं.

समिती रॉसच्या गाडीच्या सावलीत जमली. हेडली बर्फाच्या पेटीवर बसला. ग्लेनिसने त्याला थर्मासमधला चहा दिला, तो त्याने हातात धरून ठेवला.

"नापास," जॅनिन म्हणाली आणि तिने पेन उघडलं. "कारण, स्वतःचं विमान ओळखता आलं नाही."

"थांब," रॉस म्हणाला. "कोणाला ओळखता आलं नाही?"

"हेडलीला."

"तुला कधी कळलं?"

जॅनिन खोटं बोलत नाही. "पाय दिसल्यावर," ती म्हणाली.

"मला फडफडल्यावर," रॉस म्हणाला.

"मला बसल्यावर," कॉन म्हणाला. "बसल्यावरही जरा वेळ मला वाटलं, काय सुरेख उतरवलंय."

"आणि परीक्षकाने विमानावरून नजर हलवायची नाही, असं नियमात आहे ना?" रॉसने विचारलं.

"आहे. मीच लिहिलाय," जॅनिन म्हणाली.

"आणि हा कागद ॲडलेडला मुख्य कचेरीत जातो."

"तिथे कोण वाचतंय?" कॉनने विचारलं.

"एरवी कोणी नाही," रॉस म्हणाला. "हा वाचतील. भिंतीवर लावतील."

जॅनिनने पेन मिटलं. मग उघडलं. "तू गरुड उडवत होतास, हेडली," ती पेटीकडे वळून म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती.

"बरा उडवत होतो ना?" हेडली म्हणाला. "तू छान म्हणालीस."

"ते मी गरुडाला म्हटलं."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

निकाल राखून ठेवण्यात आला. विमान सापडल्याशिवाय काही ठरवता येणार नाही, असं रॉस म्हणाला, आणि ते सापडणार नाही असं प्रत्येकाला वाटत होतं. त्या दिवशी सॉसेज कोणी फारसे खाल्ले नाहीत. कॉनने उरलेले रस्त्याच्या दिशेने फेकले, पण गरुडाचं पोट भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेकडीपलीकडच्या शेतकऱ्याचा रॉसला फोन आला. त्याच्या हरभऱ्याच्या कापलेल्या रानात काहीतरी पिवळं बसलं होतं आणि त्याच्या मेंढ्या भोवती गोल करून उभ्या होत्या. ते कोणी घेऊन जाईल का, कारण मेंढ्या चरत नव्हत्या.

समिती गेली, मीही गेलो. हेडलीचं ग्लायडर सरळ बसलेलं होतं, कोणीतरी उचलून ठेवल्यासारखं. एकही फासळी मोडली नव्हती, आवरणाला ओरखडा नव्हता. रिमोटची हद्द संपेपर्यंत ते हेडलीचे सगळे हुकूम इमानाने पाळत होतं, फक्त त्या वेळी त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. डावीकडे घट्ट म्हटल्यावर ते घट्ट फिरलं होतं आणि झोताबरोबर टेकडी ओलांडून गेलं होतं. पुढचं त्याचं त्याने बघून घेतलं होतं. ते किती वेळ हवेत होतं हे कोणालाच सांगता येणार नाही. बहुधा क्लबच्या इतिहासातलं ते सर्वांत लांब उड्डाण असेल, पण कॉनचं घड्याळ गरुडावर लागलेलं असल्यामुळे त्याची नोंद होऊ शकली नाही.

"आठ मिनिटांपेक्षा जास्त तर नक्की," रॉस म्हणाला. त्याचा आवाज आता गिऱ्हाइकाला माल पटवायला निघाला होता. "कोणाच्या डोक्यावरून गेलं नाही."

"आपल्याला काय माहीत?" जॅनिन म्हणाली.

"कोणाची तक्रार आहे? नाही. मोडलं काही? नाही."

"आणि वर्तुळ?"

कॉनने मेंढ्यांकडे पाहिलं. त्या अजून गोल उभ्या होत्या. "हे काय आहे मग?" तो म्हणाला. "आपल्या चुन्यापेक्षा बरं आलंय."

जॅनिनने बराच वेळ मेंढ्यांकडे पाहिलं. मग तिने गाडीच्या टपावर कागद ठेवला आणि लिहिलं, उत्तीर्ण, आणि खाली तिघांनी सह्या केल्या. सही करताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ग्लायडर गाडीत नीट ठेवून आम्ही हेडलीच्या घरी गेलो. तो शेडमध्ये होता आणि दुसरं ग्लायडर सुरू करावं म्हणून दरवाजावर नवा नकाशा पसरत होता. रॉसने त्याला कागद दिला, हात मिळवला आणि समितीच्या वतीने अभिनंदन केलं. हेडलीने कागद दोनदा वाचला, एकदा चष्म्यासकट आणि एकदा चष्म्याशिवाय.

"म्हणजे एकट्याने?" त्याने विचारलं.

"एकट्याने," जॅनिन म्हणाली. "दोन वर्षं. मग पुन्हा बघू."

"बुधवारीसुद्धा?"

"तू कुठल्याही वारी उडव."

ॲडलेडहून शिक्का मारून छोटं कार्ड आलं, ते त्याने पाकिटात गाडीच्या परवान्यामागे ठेवलं आहे. बुधवारी तो मैदानावर जातो. ग्लेनिस बरोबर असते, दुर्बीण घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते आणि कोणतं त्याचं ते सांगते. एकट्याने त्याने अजून एकदाही उडवलेलं नाही.